डेंटिंगचा खर्च शून्य

आमच्या घरी गाडी बायको चालवायची. मी घोडेगावात एका पतसंस्थेत हिशेब बघतो. संस्था घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, त्यामुळे गाडी शिकायची मला गरज पडली नाही आणि पुढे धीरही राहिला नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा भीमाशंकरच्या रस्त्याने वर चढून गेल्यावर आत एका वाडीत. दोनच शिक्षक, चार वर्ग. एसटी आहे, पण ती फाट्यावर सोडते. तिथून वाडीपर्यंत पाऊण तासाची चढण, आणि संध्याकाळची परतीची गाडी चुकली तर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून यायचं. हे सगळं तिने काही वर्षं केलं आणि मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गाडी शिकली. तिच्या माहेरी मेंढरं होती. लहानपणी तीही कळपामागे चाललेली. "आमच्या घराण्यात स्टिअरिंग धरणारी मी पहिली," असं ती पाहुण्यांना सांगायची, "बाया धरा नाहीतर बाप्ये."

पहिली गाडी पेट्रोलची, जुनी घेतलेली. आमचं घर आणि शेजारचं घर यांच्यामध्ये एक बोळ आहे, गाडी तिथेच लावावी लागते. गाडी आत गेली की दोन्ही बाजूंना हात-हातभर जागा उरते, दार धड उघडत नाही. सुरुवातीची वर्षं ती तिथे गाडी बिनघोर घालायची आणि अंग चोरून बाहेर यायची. शेवटच्या दोन वर्षांत मात्र डावी बाजू भिंतीला लागायला लागली. एकदा आरसा गेला, दोनदा दार, एकदा मागचा सगळा पत्रा. मंचरचा गॅरेजवाला म्हणायचा, "बाई, डाव्या अंगाचा रंग मी डब्यात कालवूनच ठेवलाय. तुमी नुसत्या यायच्या."

ती त्याच्या बोलण्यावर हसायची, पण घरी आल्यावर चिडचिड करायची. शाळेत पोचायला उशीर, वर शिल्लक रजा गॅरेजच्या बाकड्यावर संपायच्या. इलेक्ट्रिक गाडीचा विषय मी काढला आणि नवी गाडी आपली आपण जागेवर लागते ही गोष्ट तिने कुठून तरी ऐकून आणली. दोघांची कारणं वेगळी होती, गाडी एकच निघाली.

माझं कारण साधं होतं. घाटात जुनी गाडी किलोमीटरला सात रुपये खायची. इलेक्ट्रिकला घरी चार्जिंग करून सव्वा ते दीड रुपया पडेल असं मी धरलं. नवी गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा पाच लाखांनी महाग. विमा जास्त. मीटरचा मंजूर भार वाढवून घ्यायचा, जाड वायर, नवं अर्थिंग, त्याचे वेगळे. हे सगळं भरून निघायला तिच्या शाळेच्या फेऱ्या धरून सात वर्षं लागत होती. तिची नोकरी अकरा वर्षं शिल्लक होती. म्हणजे चार वर्षं निव्वळ फायद्याची. या हिशेबात मी बॅटरीची वॉरंटी धरली, वीजदर वाढेल हे धरलं, टायर लवकर झिजतात तेही धरलं. कारण ही गाडी जड असते.

शोरूममधल्या मुलीने बोळाची मापं विचारून घेतली आणि किल्लीवरची दोन बटणं दाखवली. एक पुढे, एक मागे. आपण बाहेर उभं राहून बटण दाबून धरायचं, गाडी हळूहळू सरळ आत जाते, भिंतीपासून अंतर स्वतः राखते, काही आडवं आलं की थांबते. बोट सुटलं तरी थांबते. चालत्या रस्त्यावर स्वतः ब्रेक मारणारी गाडीही होती, पण ती वरच्या किमतीची. "घाटात ब्रेक माझा मीच मारीन," असं ती त्या मुलीला म्हणाली, आणि आम्ही हीच घेतली.

पहिल्या आठवड्यात बोळाच्या तोंडाशी माणसं जमायची. शेजारचे म्हातारे आजोबा खुर्ची घेऊनच बसले होते. गाडी रिकामी आत जाताना बघून म्हणाले, "राव, आमच्या बैलालाबी एवढं कळायचं, पर त्याला पाच लाख जास्ती कुणी दिलं न्हाईत." गाडीला त्या मानाने कळायचं कमी. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं वाऱ्याने हललं की ती अडून बसायची. कोंबडी आडवी गेली की थांबायची आणि कोंबडी गेल्यावरही बराच वेळ थांबूनच राहायची. मग आजोबा ओरडायचे, "बाई, कोंबडीला पाव्हण्यासारखी वाट सोडती तुमची गाडी!" ती बटण दाबून हसत उभी असायची.

वर्ष झालं तेव्हा मी आकडे मांडले. चढताना बॅटरी भराभरा उतरायची, पण परतीच्या उताराला थोडी भरूनही यायची, त्यामुळे एकूण खर्च माझ्या अंदाजाच्या अलीकडेच राहिला. वीज गेली तर पंचाईत व्हायची, ती दोनदा झाली. सर्व्हिसिंग किरकोळ. आणि डेंटिंग-पेंटिंग शून्य. जेवताना मी तिला हे सांगितलं. मागच्या वर्षी याच खात्यावर किती गेले होते तेही सांगितलं. ती "बरं झालं" म्हणाली आणि भाकरी मोडत राहिली.

त्या वर्षात इतरही काही होत होतं, पण ते मांडावं असं माझ्या डोक्यात आलं नाही. ती उंबऱ्यातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटायची. डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा तांब्या तिच्या हातून सांडायचा. रविवारी कुठे निघालो की मला म्हणायची, "तुम्ही पुढेच बसा आणि तुमच्या बाजूला कोण येतंय ते सांगत राहा, मला बरं वाटतं." मी सांगत बसायचो. सायकल, म्हैस, टेम्पो. पन्नाशीकडे झुकलेली बाई, दिवसभर चार वर्ग एकत्र शिकवते, दमत असेल, असं मला वाटायचं. तिलाही तसंच वाटत होतं.

दिवाळीनंतर मेंढपाळ कळप घेऊन घाटाकडे सरकतात. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती खाली येत होती. पुढचं तिने मला सांगितलं तसं लिहितो. वळणावर रस्त्याच्या मधोमध एक मेंढपाळ हात वर करून उभा होता, म्हणून तिने गाडी अगदी सावकाश केली. तो तिला दिसत होता. कळप तिच्या डावीकडून चालला होता, तोही बराचसा दिसत होता. एक कोकरू कळपातून फुटून गाडीच्या डाव्या चाकाशी आलं. धप्प आवाज झाला तेव्हा तिने ब्रेक मारला.

"ओ बाई! दिसत न्हाई व्हय?" तो धावत आला.

ती उतरून खाली बसली आणि कोकराचा पाय दोन्ही हातांनी चाचपू लागली. मेंढपाळ बघत राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, "कुणाच्या तुमी?"

तिने माहेरचं गाव सांगितलं.

"मंग तुमाला तर ठावं पायजे. मी मदी उभा ऱ्हातो तवा मेंढरू डाव्या अंगालाच आसतं. दुसरीकडं कुठं जाईल?" तिने पैसे काढले तर त्याने निम्मे परत केले. "मेलं न्हाई, पाय मोडलाय. बांधतो मी. तुमी रडू नगा."

घरी येऊन तिने गाडी बोळात लावली, हातपाय धुतले, आणि मला म्हणाली, "अहो, ते कोकरू मला उशिरा दिसलं असं नाही. ते दिसलंच नाही. आवाज आला म्हणून कळलं."

पुण्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिला एका अर्धगोल यंत्रासमोर बसवलं. आत ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी मागे बसून बघत होतो. बराच वेळ तिचं बोट हललंच नाही. कागद बाहेर आला तेव्हा डाव्या डोळ्याच्या खणात बाहेरची बाजू पूर्ण काळी होती. उजव्याची कडही काळवंडायला लागली होती. काचबिंदू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुखत नाही, लाली नाही, समोरचं शेवटपर्यंत चांगलं दिसतं, म्हणून कळत नाही. कडेचं गेलेलं परत येत नाही. थेंबांनी उरलेलं टिकवायचं.

मग त्यांनी विचारलं, "गाडी चालवता ना? मग घासत नव्हती का कुठे? माझ्याकडे बरेच पेशंट तेवढ्यावरून येतात. एकाच बाजूने गाडी घासायला लागते आणि घरचे पाठवतात."

"आधी घासायची," मी म्हणालो. "आता नाही घासत. आता गाडी स्वतःच लागते."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "चालवणं आजपासून बंद."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. पेठ गाव मागे पडलं. मग मी म्हणालो, ड्रायव्हर ठेवू.

"म्हणजे मी पगार आणायला जायचं आणि ड्रायव्हरला द्यायचा."

"पगार त्याहून पुष्कळ जास्त आहे."

"किती आहे ते मला माहीत आहे." मग म्हणाली, "प्रश्न त्याचा नाही. मला कुणीतरी उठायला सांगितलं की मी उठायचं, कुणीतरी निघायला सांगितलं की निघायचं. आणि तो आला नाही की शाळा बंद."

"मी शिकतो."

ती माझ्याकडे मान पूर्ण वळवून बघत राहिली. "घाटात?" एवढंच म्हणाली.

ती एसटीने जायला लागली. वर्ग सोडायचे नाहीत, बदली मागायची नाही, हे तिने ठरवलं होतं. वाडी अवघड जागी म्हणून तिथे कुणी टिकत नाही, आणि तिच्या जागी दुसरं कुणी येईल याची खात्री नव्हती. पण गाडीरस्ता लांबच्या वळशाने जातो, आणि फाट्यापासूनची चालायची चढण म्हणजे एका अंगाला उतार असलेली पायवाट. जाताना उतार उजव्या हाताला असतो, तो तिला दिसतो. येताना तो डावीकडे येतो. तिसऱ्या आठवड्यात तिचा पाय कडेवरून खाली गेला. गुडघा फुटला, मनगट मुरगळलं. त्यानंतर वाडीतल्या एका मुलीची आई रोज संध्याकाळी तिला फाट्यापर्यंत सोडायला यायला लागली. "बाई, हात द्या इकडं. लाजताय कशाला? आमच्या पोरीचा हात धरून तुमी आकडं गिरवून घेतलं न्हाई का?"

ती बाई मनापासून बोलत होती. ती स्वतःचं काम टाकून येते आणि परत एकटी चढून जाते, हे मात्र बायकोला सोसवेना. महिनाभर तिने सोसलं. मग एका सकाळी तिने वैद्यकीय कारणावरून बदलीचा अर्ज लिहिला आणि मला पंचायत समितीत द्यायला सांगितला. स्वतः गेली नाही.

आता ती घोडेगावातल्याच शाळेत आहे. घरापासून वीस मिनिटं. सकाळी मी तिच्या डाव्या बाजूने चालत तिला फाटकापर्यंत सोडतो आणि पुढे कामाला जातो. वाडीच्या शाळेत तिच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. दुसरे गुरुजी एकटेच चारही वर्ग बघतात. ती हे विचारत नाही. कुणी सांगितलं तर ऐकून घेते.

गाडीला दोन गिऱ्हाइकं आली. दोघांनीही बॅटरीचं कारण सांगून निम्म्याच्या खाली भाव पाडला. सात वर्षांच्या हिशेबातली दोनही पुरी झालेली नव्हती. मी तो पुन्हा मांडून बघितला नाही. किलोमीटरला खर्च काढायचा तर आधी किलोमीटर लागतात.

नुसती उभी राहून गाडीची दारं-दिव्यांची वेगळी लहान बॅटरी एकदा उतरली, दारंही उघडेनात. मेकॅनिक आला, त्याने बजावलं, "आठवड्यातून एकदा चालू करायची, थोडी हलवायची. नायतर टायरबी एका जागी बसतील." म्हणून रविवारी सकाळी ती किल्ली घेऊन बोळाच्या तोंडाशी उभी राहते. गाडीत कुणी नसतं. ती बटण दाबून धरते तशी गाडी बाहेर येते, दारात थोडा वेळ उभी राहते. मग ती दुसरं बटण दाबते आणि गाडी परत आत जाते. बोळात सकाळीही काळोख असतो आणि या गाडीला आवाज नाही. बटण दाबलेलंच ठेवून ती मला विचारते, "लागली का हो?"

गाडी जागेवर लागलेली असते. मी तसं सांगतो. मग ती बोट काढते.