हरपलेले उंच स्वर

कोल्हापुरात सकाळी कट्ट्यावर म्हशीची धार काढतात, तेव्हा चरवीत उठणारा तो फेसाळ, सळसळता नाद! धारोष्ण दुधाचा गंध आजही मला येतो, म्हशीचे खर्जातले हंबरणेही स्वच्छ ऐकू येते. पण धारेचा नाद गेला कुठे? गवळीच हलक्या हाताचे झाले, अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

ती समजूत नातीने मोडली. नुकती बोलू लागलेली ही चिमुरडी माझ्यापुरती नुसतेच ओठ हलवीत होती. तिचे बोबडे बोल ऐकल्यावाचूनच राहायचे की काय, या विचाराने जीव कासावीस झाला. मुलाने बेंगळुरूचे कानांचे डॉक्टर गाठले. त्यांनी तक्रार आधी इंग्रजीत लिहून मागवली. घ्या! एसटीच्या डेपोत हयातभर इंग्रजी पत्रे खरडलेला मी. ‘माझ्या ऐकण्याची फ्रिक्वेन्सी कमी झाली आहे,’ असे झोकात लिहून मोकळा झालो. गडहिंग्लजच्या गाड्यांच्या फेऱ्या कमी व्हायच्या, तशीच!

डॉक्टरांनी सौम्यपणे कळवले: फ्रिक्वेन्सी म्हणजे कितीदा ऐकू येते ते नव्हे, आवाज किती मोठा तेही नव्हे, सेकंदाला होणारी नादाची कंपने. कंपने जलद तर स्वर उंच, संथ तर खर्ज. यांतले तुमचे काय हरवले?

आता आली का पंचाईत! जे ऐकूच येत नाही, ते हरवले हे मला कळावे कसे? अखेर भाजी निवडत बसलेल्या बायकोसमोर जाऊन बसलो. समोरासमोर तिचे बोलणे मला उमगते. तिने सांगितले: पैंजण, दारावरची बेल, पाखरे, नातीची हाक. सारे उंच स्वरांचे! मी ‘हाय फ्रिक्वेन्सी’ असे लिहिले, आणि या खेपेस अर्थ जाणून लिहिले.

सहज विचारले, तुझी हाक तरी मला ऐकू येते ना?

“ती कवाच सोडली की! वरडून वरडून दमलो, म्हनून तुमच्या खांद्याला हात लावाय लागलो,” ती म्हणाली.

अरे देवा! उतारवयात हिला माझी भलतीच माया दाटून येते, असे समजून मी इतके दिवस सुखावत होतो.

पत्र धाडले. नातीचे बोल ऐकायचे तर श्रवणयंत्र हवेच आहे. पण ते कानात बसल्यावर हा हात थांबेल, याचे वाईट वाटते, हे मी बायकोला सरळ सांगून टाकले. ती पाठमोरी होऊन काहीतरी पुटपुटली. शब्द मला उमगले नाहीत. मग वळली, आणि काही काम नसताना माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.