फेडीचे चार दिवस

लोणावळ्याच्या शाळेत मी गणित शिकवीत असे, तेव्हा माझी एक कायमची तक्रार होती. मुले उदाहरणे सोडवीत. पण स्वतः एक रचा म्हटले, की पुस्तकातल्या हौदाला दोन नळांऐवजी तीन नळ लागत, एवढेच नावीन्य. मी वैतागे आणि दोष मुलांना देई. पन्नाशी उलटल्यावर आता तो दोष कुणाचा, हे मला स्वतःपासून लपवता येत नाही.

एका ज्येष्ठात शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी वर्गातून एकच नाव पाठवायचे होते. ज्याचे उदाहरण सर्वांत चांगले, त्याचे नाव, असे मी जाहीर केले. कार्ल्याकडून चालत येणाऱ्या एका विद्यार्थ्याने पाटीवर लिहिले : भाताची लावणी घरच्या चौघांना सहा दिवसांची. इर्जिकीला, म्हणजे एकमेकांच्या शेतात राबायला, आठ शेजारी आले. तर घरच्यांना किती दिवस राबावे लागेल? उत्तर, सहा.

बारा माणसांना दोन दिवस, हे उघड होते. तुझे शेजारी बांधावर झोपा काढायला आले होते का, असे मी विचारले. वर्ग हसला.

"गुर्जी, तुमी फेड धरली न्हाई," तो हळू म्हणाला.

"मांडलेत तेवढेच आकडे धरायचे," म्हणून मी फुली मारली. नाव एका नळवाल्याचे गेले.

आषाढात तो शाळेत येईना. सहाव्या दिवशी चिडून मी त्याच्या गावी गेलो. तो घरच्यांबरोबर दुसऱ्याच्याच खाचरात चिखलात वाकलेला होता. मी जाब विचारला.

"आमची लावणी दोन दिसांत झाली. आठ जण दोन दोन दिस राबले, ते आमी चौघं फेडतोय. आज चौथा. उद्या येतो, गुर्जी."

"मग इर्जिकीचा फायदा काय?" माझा आवाज उतरला होता.

"रोप जून होत न्हाई."

दोन आणि चार, सहा. त्याच्या नावापुढे तेवढेच खाडे मी स्वतःच्या हाताने मांडले होते.

दुसऱ्या दिवशी तो आला आणि आपल्या जागी बसला. शिष्यवृत्तीची यादी कधीच पुण्याला गेली होती. तरी त्याचे उत्तर बरोबर होते, एवढे वर्गापुढे म्हणणे माझ्या हाती होते. मी फळ्याकडे वळलो आणि हौदाचे उदाहरण घातले.