सहा तलवारी, एक संगीन आणि सँडपेपर

एका सेवानिवृत्त ड्रॉइंग मास्तरांना मी शस्त्रांचा दलाल समजून पकडलं, आणि त्यांच्याकडची सगळ्यात मोलाची खूण स्वतःच्या हातानं सँडपेपरनं घासून टाकली. ती घटना आजही आठवली की कान तापतात. नोकरीत माझ्या फजित्या पुष्कळ झाल्या. बहुतेक मी चवीनं सांगतो. ही सांगताना आवाज आपोआप खाली जातो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात फौजदार म्हणून मला जेमतेम वर्ष झालं होतं. एका सकाळी धरमपेठेतले एक गृहस्थ ठाण्यात आले. म्हणाले, शेजारच्या मास्तरांकडे खेड्यापाड्यांतून माणसं येतात, गोधडीत गुंडाळलेलं लांबट काहीतरी देऊन जातात. आज तर काटोलच्या बसनं एक म्हातारी आली. "मास्तर ते पलंगाखाली सरकवतात साहेब. मी खिडकीतून पाहिलं."

खबर अशी घरपोच आली की नव्या फौजदाराला छातीवर पदक दिसू लागतं. दोन पंच आणि हवालदार घेऊन मी दुपारीच छापा घातला. पलंगाखालून सात तलवारी निघाल्या. सोबत एक वही. तीत गावांची नावं, लांबी, वजन, "मूठ शाबूत", "पातं सरळ" अशा नोंदी. मला वाटलं, मालाची यादीच हाती लागली.

ठाण्यात चौकशी सुरू केली.

"या गावांत तुमची माणसं कोण?"

"माणसं नाहीत, घरं आहेत. इंग्रजांच्या फौजेत ज्यांचे आजे-पणजे होते त्यांची. तलवार कोणत्या पलटणीची, कुठे घडली, कोणाच्या हातात होती, ते शोधून लिहून ठेवतो. मग ज्याची त्याला परत."

"कशासाठी?"

"कोणीच लिहून ठेवलं नाही म्हणून."

"हे काय कारण झालं?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "तुम्ही पंचनाम्यात तलवारी नग सात लिहिलंय. सहाच आहेत. ती आखूड आहे ना, ती संगीन. बंदुकीच्या तोंडाला लावतात."

हवालदारानं हसू खोकल्यात दडवलं. आरोपीनं पंचनाम्यातली चूक काढावी आणि ती बरोबर असावी, याचा मला जो राग आला त्यात मी पुढचं सगळं केलं. मास्तरांना बाकावर बसवून ठेवलं. त्यांच्या बायकोनं आणलेला डबासुद्धा उघडून तपासला. आत भाकरी आणि झुणका होता.

संध्याकाळी फोन आला, मोठे साहेब सकाळी मुद्देमाल पाहायला येणार, फोटोग्राफरही येईल. आमच्या ठाण्यात परेडच्या आदल्या दिवशी बक्कल आणि बटणं घासायची कडक शिस्त होती. तीच मी तलवारींना लावली.

हवालदार म्हणाला, "साहेब, मुद्देमाल हाय. आपण घासून राहिलो, चालन का?"

"गंजका माल साहेबांपुढे मांडायचा? आरसा झाला पाहिजे."

रॉकेल आलं, चिंध्या आल्या, सँडपेपर आला. म्हातारीची तलवार सगळ्यात गंजलेली. ती मी स्वतः घेतली. बाह्या वर करून, शिपायांना कसं घासतात ते दाखवत.

सकाळी मोठ्या साहेबांनी तलवारींकडे पाहिलंच नाही. वही घेतली आणि मागून उघडली. मागच्या पाकिटात फौजेच्या दप्तरातून आलेली पत्रं होती, शिक्क्यानिशी. मास्तरांनी पाठवलेल्या नंबरांवरून दप्तरानं शिपायांचा ठावठिकाणा कळवला होता.

"हे वाचलंस?"

"नाही सर. मी पुढूनच वाचली."

"मागे पानं असतात," एवढंच ते म्हणाले. कागदपत्रं झाली आणि मास्तर सुटले.

माल ताब्यात घेताना ते म्हातारीच्या तलवारीपाशी थांबले. मुठीवरच्या लोखंडी वाटीवरून त्यांनी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"ही कोणी घासली?"

"मी."

"इथे गंजाखाली स्वाराचा नंबर होता. दोन दिवस तेलात ठेवून, मग वर कागद धरून पेन्सिलीनं उतरवणार होतो. तिचा सासरा घोडदळातून समुद्रापार गेला तो आलाच नाही. सोबत्यानं ही तलवार आणून दिली. घरात दुसरा कागद नाही. कुठे पडला ते या नंबरावरूनच कळलं असतं."

मी विचारलं, "तुम्ही वाचला नव्हता?"

"ती सकाळी आली आणि दुपारी तुम्ही आलात."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. लेखी तक्रार केली असती तर माझी नोकरी अडचणीत आली असती, पण तक्रारही त्यांनी केली नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत मी मुद्देमालावरची धूळसुद्धा कोणाला झटकू दिली नाही. नवे फौजदार मला गबाळा म्हणायचे. म्हणोत. ज्याला आपण घाण म्हणतो त्यातच कोणाचं तरी नाव असतं, हे शिकायला मला एका म्हातारीचं नुकसान करावं लागलं.

तलवार परत करायला मास्तरांबरोबर मी काटोलला गेलो. वाटेत मी हळूच म्हणालो, "नंबर गंजानंच खाल्ला असं सांगता येईल का?" मास्तरांनी गोधडीत गुंडाळलेली तलवार माझ्या हातात दिली. मीच मग सगळं सांगितलं, तिच्या ओसरीवर, टोपी काढून.

म्हातारीनं तलवार मांडीवर घेतली. अंगठा बरोबर त्या जागी गेला.

"मले वाचता येत नाही," ती म्हणाली. "पण दर खंडेनवमीले हळद लावो मी इथं, त आकडे बोटाले लागत." तिनं पातं उन्हात धरलं. त्यात तिचा चेहरा दिसत होता. मग माझ्या डोक्यापासून बुटांपर्यंत एकदा पाहिलं.

"पोलिसात काहून गेला गा तू? भांडे घासाले चांगला होता."