चार नंबरचा हार

सोपानतात्यांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. गौरवग्रंथात असे लिहायचे नसते, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांचा हा गौरव आहे त्यांनीच आम्हाला झाले तसे लिहायला शिकवले, त्यामुळे माझा नाइलाज आहे.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टाइमकीपर म्हणून नुकताच लागलो होतो. सुरक्षा सप्ताह होता. 'सुरक्षा प्रथम' असा मोठा फलक लावायचे काम कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी माझ्यावर सोपवले आणि मी तो मोठ्या हौसेने थेट प्रथमोपचाराच्या पेटीवर ठोकला. पेटीचे दार उघडेनासे झाले. तेवढ्यात खांद्यावर पान्हा टाकलेले एक उंचेपुरे गृहस्थ आले. फलकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, पाटी वाचून रक्त थांबतंय व्हय?" मी चिडलो, अधिकाराची भाषा केली. त्यांनी शांतपणे फलक उतरवला, शेजारच्या भिंतीवर लावला आणि उरलेले खिळे माझ्या हातात देऊन ते निघून गेले. ते तात्या. मूळचे इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचे, घरात पूर्वी मेंढरे होती. आमच्या कारखान्यातले सर्वांत जुने फिटर आणि सुरक्षा समितीवरचे कामगारांचे प्रतिनिधी.

ही समिती कागदावर होती. तिच्या बैठकीत चहा व्हायचा आणि सह्या व्हायच्या. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार असे कळले की प्रत्येक यंत्राचे गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावायची जाळीची झडप, बसवले जायचे. इन्स्पेक्टर गेले की गार्ड पुन्हा उतरायचे, पाहुणे गेल्यावर नवी चादर घडी करून ठेवतात तसे. गार्ड उघडण्या-मिटण्यात वेळ जातो, माल कमी निघतो, हे त्यामागचे कारण. तात्या दर बैठकीत हा विषय काढत. दर वेळी इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढेच लिहिले जाई. ते लिहिणाराही मीच होतो.

बावीस वर्षांपूर्वी, खंडेनवमीच्या आधी दहा-बारा दिवस, पत्रा ठोकून कापणाऱ्या चार नंबरच्या प्रेसवर भिवाच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. भिवा कन्हेरीचा, कामाला चोख. तयार झालेला तुकडा काढायला त्याने हात आत घातला आणि पायाखालची पट्टी दाबलेली नसताना प्रेसने आपोआप दुसरा ठोका दिला. गार्ड बसवलेला असता तर तो उघडा असेपर्यंत प्रेस चाललीच नसती. गार्ड स्टोअरमध्ये जुन्या पट्ट्यांच्या ढिगामागे पडला होता.

साहेबांनी सांगितले आणि मी अपघाताच्या नोंदवहीत लिहिले, 'कामगाराच्या नजरचुकीने हात यंत्रात गेला.' साक्षीदार म्हणून तात्यांची सही हवी होती. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली. मग मागची पाने उलटू लागले. पानापानावर माझे वळणदार अक्षर, आणि पानापानावर तोच शब्द.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "आपल्या कारखान्यात यंत्र कंदीच चुकत न्हाय. समद्या कामगारांची नजरच चुकतीया. मग डोळ्याचा डाक्टर बोलवा की."

"तात्या, साहेबांनी सांगितलंय तसं लिहिलंय."

"साहेबांनी सांगितलं, पर अक्षर कुणाचं हाय?"

त्यांनी सही केली नाही. साहेबांनी बोलावले, समजावले, मग दमात घेतले. त्या एका शब्दावर काय अवलंबून होते ते आम्हा सगळ्यांना कळत होते. तो शब्द टिकला असता तर दोष भिवाचा ठरणार होता. त्याची नोकरी जाणार होती, भरपाईला फाटे फुटणार होते आणि चार नंबरवर गार्डाशिवाय दुसरा कुणी बसणार होता. तात्यांचे म्हणणे एकच, "गार्ड न्हवता असं लिवा. आत्ता सही करतो."

त्याच आठवड्यात ते मला कन्हेरीला घेऊन गेले. "चला, तुमचं अक्षर कुठवर पोचलंय ते बघू," एवढेच म्हणाले. भिवा ओट्यावर हात गळ्यात बांधून बसला होता. त्याचे वडील आम्हाला पाणी देत म्हणाले, "ह्याचं ध्यानच नसतंय कुठं. ल्हानपणापासनं असंच." भिवाने मान खाली घातली. बोटे गेल्याचे दुःख एक वेळ त्याने सोसले असते. पण चूक आपलीच, हे त्याने स्वतःही मान्य करून टाकले होते.

तात्या वडिलांना म्हणाले, "आबा, तुमच्या ल्योकाचं ध्यान हुतं. गार्ड न्हवता. तो मी माज्या डोळ्यांनी स्टोरात बघितलाय."

भिवाने वर पाहिले. "तात्या, मंग माजी चूक न्हाय?"

"न्हाय. आन् तुजी चूक हाय म्हणून लिवणारा ह्यो माणूस तुज्या म्होरं बसलाय. त्याला इचार."

भिवाने मला काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते. त्या ओट्यावर मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटलेली नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रे धुऊनपुसून हळदकुंकू वाहतात, झेंडूचा हार घालतात. प्रत्येक यंत्राला हार घालायचा तो ते चालवणाऱ्याने. पूजा झाल्याशिवाय दसऱ्यानंतर यंत्राला कुणी हात लावत नाही. मालक सहकुटुंब आले होते, म्हणून बाकीच्या यंत्रांवर त्या दिवसापुरते गार्ड चढवले होते; चार नंबरचा तेवढा स्टोअरमध्येच होता. आरती झाली. एकेक कामगार आपापल्या यंत्राला हार घालू लागला. ताटात एक हार उरला.

"तात्या, चार नंबर राहिला," मालक म्हणाले. "भिवा नाही, तर तुम्ही घाला."

तात्यांनी हात मागे बांधले. "न्हाय मालक. बाकीच्यांच्या अंगावर आज तरी कापड हाय. चार नंबर नागडं उभं हाय. नागड्याच्या गळ्यात हार शोभत न्हाय."

कुणीतरी हसले. साहेबांनी रागाने हार उचलला आणि स्वतःच प्रेसवर टाकला. तात्या म्हणाले, "साहेब, पूजा तुमी केली. आता दसरा झाला की चालवायला बी तुमीच बसा."

दसऱ्यानंतर चार नंबरवर कुणी बसले नाही. साहेबांनी एकेकाला बोलावले. एकेक जण तेच उत्तर देई, "पूजा न्हाय झाली तिची." संप नाही, घोषणा नाही, मागणीपत्र नाही. अठरा माणसे आपापल्या कामावर हजर, आणि मध्ये एक यंत्र बंद. त्याला कोणते कलम लावायचे हे साहेबांना सापडेना. हार वाळला. चौथ्या दिवशी स्टोअरमधून गार्ड निघाला, आणि एका गार्डावर भागणार नाही हे दिसल्यावर बाकीचेही कायमचे बसवले गेले, या वेळी इन्स्पेक्टर येणार नसताना.

गार्ड बसल्यावर तात्या माझ्या टेबलापाशी आले. मी नोंदवही उघडली आणि ब्लेडने तो शब्द खरवडायला घेतला. त्यांनी माझे मनगट धरले. "खोडू नका. नुसती रेघ मारा. आदी काय लिवलं हुतं ते वाचता आलं पायजे." मी 'नजरचुकीने'वर रेघ मारली, वर 'गार्ड नसल्यामुळे' असे लिहिले आणि बाजूला माझी सही केली. खाली तात्यांनी केली. दुसऱ्या दिवशी भिवाने येऊन चार नंबरला डाव्या हाताने हार घातला. त्याला भरपाई मिळाली आणि स्टोअरमध्ये कामही मिळाले. वडिलांना त्याने काय सांगितले ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी ते त्याच्याबरोबर फाटकापर्यंत आले होते.

याची किंमत तात्यांनी चुकवली. शिस्तभंगाची नोटीस आली आणि निवृत्तीपर्यंत त्यांना भंगाराच्या यार्डात ठेवले. मी एकदा हळहळलो तर म्हणाले, "बरं झालं की. कुठला गार्ड भंगारात येतोय ते आता पयलं मलाच कळतं." त्याच यार्डात बसून त्यांनी माझ्या मुलीला दहावीची भूमितीची प्रमेये शिकवली. फिटरला कोन कळतो, हे तिला तेव्हा कळले.

आज पंचाहत्तरीत तात्या इंदापूरला मुलाकडे राहतात. बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर सकाळी त्यांच्याभोवती कंत्राटी कामगार जमतात. त्यांची नावे अनेकदा कुठल्याच हजेरीपटावर नसतात. अपघाताचा कागद सहीला आला की ते आधी तात्यांकडे आणतात. तात्या चष्मा लावतात आणि तो एक शब्द शोधतात. दुर्दैवाने तो बहुतेक वेळा सापडतो.

गौरव समितीच्या एका सन्माननीय सदस्यांनी मला सुचवले की चार नंबरचा प्रसंग जरा सौम्य करावा, कारण आमच्या जुन्या कारखान्याने या ग्रंथाला जाहिरात दिली आहे. मी त्यांचा आदर करतो. मजकूर मी जसाच्या तसा दिला आहे.

तात्यांनी आता विश्रांती घ्यावी, अशी इच्छा इथे व्यक्त करणे रीतीला धरून होईल. मी ती करणार नाही. त्यांची नजर शाबूत राहो, गुडघे टपरीपर्यंत चालत राहोत आणि शंभराव्या वर्षीही कुणाचा तरी कागद त्यांनी सही न करता परत पाठवावा, हीच माझी प्रार्थना. आणि या लेखातला एखादा परिच्छेद छापताना गळालेला दिसला, तर वाचकांनी कृपा करून एवढे ध्यानात ठेवावे, की ती नजरचूक नव्हे.