पोरींची पट्टी

राजेश्वरी मॅडमला बसलेलं मी कधी बघितलं न्हाय. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, फोन तर फेऱ्या मारतच. बारामतीच्या आमच्या कॉलेजचं समूहगान पथक चालवणारी ही तिसरी, आणि तिघांच्या वक्ताला पेटीवर मीच. मुजफ्फर. सुप्यात आमची बेकरी हाय, पण तालमीच्या दिवशी भावावर टाकून येतो. मी पेटीपुढं मांडी घालून बसलेला आणि ही बाई ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत! बघून बघून मान दुखायची. एकदा म्हणालो, "मॅडम, जरा टेका की." तर म्हणाली, "टेकलं की डोक्यात नको ते येतं, चाचा."

पथक उभं केलं सोनबा सरांनी. मराठी शिकवायचे. आवाज असा की माईक बाजूला सारायचे. कॉलेजगीत त्यांचं, चाल त्यांची आणि पट्टीबी त्यांच्याच गळ्याची, काळी एक. पेटीतलं ज्यांना कळत न्हाय त्यांना सांगतो, पट्टी म्हंजे गाणं किती वरून न् किती खालून धरायचं ते. काळी एक पुरुषांना सोयीची, बायकांना खाली पडती. त्यात ह्या गाण्याचं ध्रुवपद पार तळाला. पोरींचा गळा तितं पोचायचाच न्हाय. सरांनी त्यावर तोड काढली. "मुलींनी खालच्या ओळींना नुसते ओठ हलवा, मुलं भरून काढतील." झालं, शिरस्ता पडला. सर रिटायर झाले, मग अविराज सर आले. त्यांनी कीबोर्ड आणला, सगळ्यांना निळी जाकिटं शिवली, चार ढाली जिंकल्या आणि पुण्याला निघून गेले. पट्टी तीच ऱ्हायली, ओठबी तसेच. मला त्यात काय वावगं वाटलं न्हाय. खोटं कशाला बोलू?

राजेश्वरी काटेवाडीची. सरांच्या शेवटच्या वर्षांत ती ह्याच पथकात उभी ऱ्हायची. एकदा तिची आई गॅदरिंगला आली, म्हशींच्या धारा उरकून, इस्त्रीची साडी नेसून. घरी गेल्यावर आईनं विचारलं, "त्यात तुजा आवाज कंचा गं?" ही म्हणाली, "व्हता की." आई आता न्हाय. हे मला सांगताना मॅडम खिडकीची कडी काढघाल करत होती. शेवटी मीच उठून खिडकी लावली.

मागच्या जुलैत पथक तिच्याकडं आलं. पहिल्याच तालमीला म्हणाली, "चाचा, पांढरी चार द्या."

"मॅडम, ती तर बायकांची, वरची. सरांची पट्टी..."

"द्या म्हणते ना!"

दिली. डाळजची राजलक्ष्मी म्हणून एक पोरगी हाय, एरवी हजेरी द्यायला लाजती. तिनं ध्रुवपद उचललं आणि अल्ला शप्पथ, माझा भात्यावरचा हातच थांबला. एवढी वर्षं मी ह्या गाण्याला पेटी धरतोय, आणि बाईच्या गळ्यात ते कसं लागतं ते मला ठाऊकच नव्हतं. पोरांनी लगेच कुरकुर सुरू केली. यशराज म्हणाला, "मॅडम, वरच्या ओळीला शिरा फुटायची पाळी येती."

"पोचत न्हाय? मग तेवढ्या ओळीला गप्प उभं ऱ्हा. पण लबाडीनं ओठ हलवलेले मला चालायचे न्हाईत. पोरगा असू दे न्हायतर पोरगी."

एवढा एकच नियम. बाकी कशाला ती बोलायची न्हाय.

जानेवारीत पथकाच्या वर्धापनदिनाला सरांचा सत्कार ठरला. आता रीत अशी की पहिली ओळ सर स्वतः म्हणणार, पेटीबिटी काय न्हाय, आणि त्यांच्या सुरातनं पथकानं गाणं उचलायचं. म्हंजे पुन्हा काळी एक. प्राचार्यांनी मॅडमला बोलावून स्पष्टच सांगितलं, "सरांचा मान राखा. तमाशा झाला तर पथक दुसऱ्याकडं देऊ." बाहेर येऊन बाईनं मैदानाला फेऱ्या घातल्या. मी पाठोपाठ, धापा टाकत.

"मॅडम, एका दिवसाचा तर प्रश्न. घ्या की खाली."

ती गरकन वळली. "एक दिवस? माझी तीन वर्षं गेली त्यात! आता ह्या पोरींनापण तेच सांगू?"

मग म्हणाली, चला इंदापूरला, सरांनाच विचारू. ह्या वयात तिच्या स्कूटीवर मागं बसून मी इंदापूर गाठलं, जीव मुठीत धरून. सरांनी अगत्यानं बसवलं. जयवंताबाईंनी पोहे दिले. ह्या सरांच्या पत्नी, पथकाच्या पहिल्या बॅचमधल्या. मॅडमनं उभ्याउभ्याच विषय काढला. "सर, ह्या वेळी सुरुवात मुलींना करू द्या. त्यांच्या पट्टीत."

सर हसले. "अगं, घराचा पाया कुणी उकरतं का? सूर मी देणार, तुम्ही उचला."

"अहो, पोरगी एवढ्या लांबनं आलीय. नीट ऐकून तरी घ्या," जयवंताबाई म्हणाल्या.

"ऐकलं की," सर म्हणाले आणि तो विषय संपला. येताना मॅडमनं स्कूटी अशी दामटली की मी डोळेच मिटून घेतले.

सत्काराच्या दिवशी हॉल गच्च भरला. सर पहिल्या रांगेतनं उठले, छाती भरून पहिली ओळ म्हणाले. काळी एक. ह्या वयातबी काय आवाज! पोरांनी ध्रुवपद उचललं. पोरी स्टेजवर पुढच्या रांगेत ताठ उभ्या, आणि सगळ्यांची तोंडं मिटलेली. नियम पाळला होता त्यांनी, दुसरं काय! पण लोकांना ते दिसलं ना. कुजबुज सुरू झाली. प्राचार्य कोपऱ्यातनं हातवारे करायला लागले. मी मनात म्हणालो, मुजफ्फर, गेलं पथक हिच्या हातनं.

सरांनी हात वर करून गाणं थांबवलं. "राजेश्वरी, मुली का गप्प? रुसल्यात का?"

ती स्टेजच्या कडेला आली. "न्हाई सर. एवढ्या खाली त्यांचा आवाज पोचत न्हाई. आमचापण पोचत नव्हता. तुम्ही आम्हाला ओठ हलवायला सांगितलं, आम्ही हलवले. ह्यांना मी तसं सांगितलं न्हाई, एवढंच."

सरांचा चेहरा लाल झाला. "काहीतरीच! एखादीचं तसं असेल. पहिल्या बॅचच्या मुली खणखणीत गायच्या. ह्याच गाण्यात हिचा आवाज ऐकून मी हिच्या घरी मागणी घातली!" आणि बायकोकडं वळून म्हणाले, "सांग तू ह्यांना."

जयवंताबाईंच्या मांडीवर सत्काराचा नारळ होता. तो त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

"अहो, मी ओठच हलवत होते," त्या म्हणाल्या.

सर तसेच उभे, खुर्चीची पाठ घट्ट धरून. बायकोकडं बघत ऱ्हायले.

"मुजफ्फर," म्हणाले, "सूर दे."

"कुठला, सर?"

"मला काय विचारतोस? मुलींना विचार," सर म्हणाले आणि जयवंताबाईंच्या शेजारी खाली बसले.