चांदणीचा पोळा

जनावरांच्या दवाखान्याच्या आवारातच घर असलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते फाटक ढकलून आपण होऊन आत येतात, आणि बहुतेक चार पायांवर! लग्न होऊन मी चिखलीला आले, तेव्हा महाराष्ट्र राज्य आणि आमचा संसार, दोन्ही नवेच होते. हे जनावरांचे डॉक्टर. मी बी.ए. पास, पण स्टोव्ह भडकला तरी किंचाळणारी. आज सांगते ते सगळे किस्से एकाच घोडीचे.

*

पहिल्याच आठवड्यात मी चहा गाळत होते, तर खिडकीतून एक लांबलचक पांढरं तोंड आत आलं. मी किंचाळले. गाळणी उडाली. तोंड बाहेर जाऊन खिंकाळलं!

"घाबरू नको बेटी, चांदणी हाये!" बाहेरून आवाज आला. "तुह्या आवाजानं तीच थरथर कापून राह्यली!"

हे गफूरचाचा, एस.टी. स्टँडवरचे टांगेवाले. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि चांदणी.

"आता दोघींले चहा पाजा लागते," चाचा म्हणाले.

मी कपातून प्यायले. चांदणी घमेल्यातून.

*

पोळा आला. बैलांना सुट्टी, झूल, पुरणपोळी. चाचांना वाटलं, वर्षभर ओझं तर आपली चांदणीपण ओढते! त्यांनी टांगा सोडला. चांदणीवर झूल घातली. शिंगं नाहीत म्हणून बेगड कपाळावर चिकटवली. शेजारचे टांगेवाले किसनभाऊ यांच्या घरून पुरणपोळ्या आल्या, वर पोटभर हरभरा. दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा, म्हणून तेव्हाही आराम.

त्यानंतरच्या सकाळी चांदणीचा मागचा पाय खांबासारखा सुजलेला!

ह्यांनी मांडीच्या आतून हात फिरवला. कातडीखाली दोरीसारखा ताठ पट्टा लागत होता.

"चाचा, ही लसीकावाहिन्यांची सूज. रोज धावणारं घोडं एकदम बांधून ठेवलं आणि खुराक भरपूर दिला, की असं होतं."

"म्हंजे म्या लाड केला म्हून?"

"हो."

चाचा विचारात पडले. "मंग बैलाइले काऊन होत नाही?"

किसनभाऊ सोबत आले होते. ते म्हणाले, "कारन चाचा, बैलाले मालूम असते पोळा त्याचाच हाये!"

*

उपचार असे: गरम पाण्याचा शेक, हळूहळू फिरवणं आणि हरभरा बंद. शेक घोडीच्या पायाला, "हाय अल्ला" चाचांच्या तोंडून!

"हरभरा देत नाही ना?" ह्यांनी विचारलं.

"कसम खाऊन सांगतो डॉक्टरसाब, एक दाना नाही!"

तेवढ्यात चांदणीनं मान लांबवली, चाचांच्या सदऱ्याच्या खिशात तोंड खुपसलं आणि कुडुम कुडुम खायला लागली.

"हे फुटाने हायेत," चाचा म्हणाले.

*

पण सूज उतरेना. उलट त्या पट्ट्यावर गाठी दिसायला लागल्या आणि हे दिवसातून दोनदा पाय तपासू लागले. घोड्यांचा एक वाईट, पसरणारा रोग अशाच गाठींनी सुरू होतो. तो निघाला तर घोड्याला गोळी घालावी लागते, कायदाच आहे. ह्यांनी चांदणीच्या पापणीत चाचणीची सुई दिली. दोन दिवसांत पापणी सुजली, डोळ्याला पू आला, तर तोच रोग.

चांदणीला आमच्या आवारात वेगळं बांधलं. चाचा शेजारी गोणपाट टाकून बसले. मी भाकरी नेली, ती तशीच राहिली.

"बेटी, म्या तं लाडच केला होता ना?"

मीही तिथंच बसले. चांदणीनं मागून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली. मी दचकले, पण उठले नाही.

*

निकालाच्या सकाळी चाचा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "बेटी, तू पाह्य. माह्याच्यानं होत नाही."

मी दोर धरला. धरला कसला, चांदणीच मला सांभाळून उभी होती! ह्यांनी तिचा डोळा पाहिला, पापणी चाचपली. पुन्हा चाचपली. मग भिंतीपाशी गेले, चाचांना खांद्याला धरून वळवलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"चांदणीचा डोळा साफ आहे," हे म्हणाले. "पापण्या सुजल्यात त्या तुमच्या!"

चाचांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"कायदा हाये डॉक्टरसाब. मंग गोळी मलेच घाला!"