मेणकाकांची निरोगी किनार

सांगताना हसू येतं, पण नव्या डॉक्टरीणबाईंनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पहिल्याच दिवशी मेणकाकांना रिकाम्या बाटल्या न्यायला आलेला माणूस समजून मागच्या दारानं जायला सांगितलं होतं. काका मागच्या दारानं गेले आणि पुढच्या दारानं परत आले. "मॅडम, मी बाटल्या नेत नाही, भरतो. इथला टेक्निशियन आहे."

एकतीस वर्षं गाठींचे तुकडे मेणात बसवायचे आणि त्यांचे केसाहून पातळ काप काढायचे, हे त्यांचं काम. काप कोमट पाण्यावर सोडताना कुजबुजायचे, "पसर बाई, घाबरू नकोस." घरी बायको त्यांना काकडी चिरू देत नाही, एकीत दहा पाहुणे उरकतील! आणि एक खोड. डॉक्टरांनी नुसती गाठ दिली की हे हटून बसायचे, "शेजारच्या निरोगी भागाची किनार द्या, तरच मेणात घालतो."

तशीच एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या थायरॉईडची गाठ मेणात बसवून, काप काचेवर घेऊन काका दोन दिवस रजेवर गेले. मागे डॉक्टरीणबाई मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या आणि हबकल्या. पेशी पांढऱ्याफटक, सामान हलवून रिकाम्या केलेल्या खोल्यांसारख्या. थायरॉईडमध्ये अशा क्वचितच दिसतात, किडनीच्या कॅन्सरमध्ये मात्र नेहमी. गाठ थायरॉईडचीच असेल तर तिचं कवच शाबूत होतं, काढली तेवढ्यावर भागलं. किडनीतून पसरून आली असेल तर मात्र अवघड. थायरॉईडच्या पेशी तपकिरी करणारा खास रंग बाईंनी स्वतः चढवला. गाठ कोरीच राहिली.

काका आले तेव्हा त्या रिपोर्ट लिहीत होत्या, नाक लाल.

"किडनीचीच हो, काका. बाहेर पेशंटची बहीण बसलीय. कुठल्या तोंडानं सांगू?"

काकांनी मायक्रोस्कोपखालची काच बघितली. "गाठीचं राहू द्या. किनार बघितलीत?"

"ती तर निरोगी आहे."

"निरोगी थायरॉईडच ना? मग ती का नाही रंगली?"

बाईंनी टेबलाकडे वळून बघितलं. रंगाची बाटली त्यांच्याच हातून फ्रिजबाहेर राहिली होती. रंगच मेला होता.

"अहो, एवढं शिकले मी..."

"गाठी बघायला शिकलात. शेजाऱ्यांची चौकशी कुणी करत नाही," काका म्हणाले आणि नवी बाटली काढली. मधल्या वेळात बाहेर जाऊन बहिणीला स्वतः चहा दिला. "थोडं थांबा ताई, घाईत रंग बसत नाही."

दुपारी किनार रंगली. आणि गाठही!

"तपकिरी!" बाई ओरडल्या.

"चॉकलेटी," काका म्हणाले.

"काका, पुस्तकात तपकिरीच लिहिलंय."

"लिहिणाऱ्याला चॉकलेट कुणी दिलं नसेल."

"काहीतरीच तुमचं! तपकिरी म्हणजे तपकिरी."

बहिणीला आत बोलावून बाईंनी सांगितलं, गाठ गळ्याचीच होती, काढली, संपलं. ती आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "बघू तरी मेलीला." डोळा लावून बराच वेळ बघत राहिली.

"अगंबाई! चॉकलेटच की हो!"

काकांनी पेन उचलून बाईंच्या हातात दिलं. "लिहा, मॅडम."